एका पंगतीची नौका

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी माझं वजन केलं.

मी लातूरची. नांदेडला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायची नोकरी लागली, आणि विष्णुपुरीच्या रस्त्याला एक खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून बघायला गेले. गेटातून आत शिरते तर कानावर पेन्सिल खोचलेले एक सडसडीत गृहस्थ धान्य तोलायच्या काट्याजवळ उभे. नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाले, "चप्पल काढा आन उभ्या ऱ्हा याच्यावर." मी इतकी गडबडले की खरंच उभी राहिले. "चौपन्न," त्यांनी वहीत टिपलं. "बसतंय. खोली वर हाय, बघून घ्या."

काय बसतंय, ते मला खिडकीतून दिसलं. मागच्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडखाली एका भल्यामोठ्या होडीचा सांगाडा उभा होता. तीस फूट लांब, लाकडी फासळ्या उघड्या, आणि एका फासळीवर घरमालकीण काकूंच्या साड्या वाळत घातलेल्या. आधीचा भाडेकरू बदली होऊन गेला तेव्हापासून त्या होडीत एक माणूस कमी पडत होतं. अकरावी जागा 'जो असेल तो भाडेकरू' अशी राखीव होती. भाडं किती, पाणी कधी येतं, हे प्रश्न त्यांच्या लेखी किरकोळ होते.

घरमालक काका पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं पाणी कुठून कुठे जाईल याच्या रेघा त्यांनी मारल्या. स्वतः मात्र गुडघ्याच्या वर कधी पाण्यात गेले नव्हते. पोहता येत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. "पाण्यात जायाला पोहता यावं लागतं. पाण्यावर जायाला गणित लागतं," असं ते मला ऐकवायचे. मी गणिताची असल्यामुळे त्यांना वाटायचं की मी अर्धी खलाशी आहेच.

नोकरी सुटली तरी खातं सुटलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक कागदावर ते खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'तपासले' लिहून सही करायचे. काकूंच्या किराणा यादीवरसुद्धा. कुणी काहीही दाखवलं की त्यांचा पहिला प्रश्न, "स्केल काय?" एकदा शेजारच्या बाईंनी मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो दाखवला, तर चष्मा वर करून म्हणाले, "पोरगा बरा हाय, पर स्केल काय?" त्या बाई आठ दिवस आमच्याकडे आल्या नाहीत.

ही नौका त्यांची पहिली नव्हे. पहिली लहान होती, दोघांपुरती. शीड लावून ती त्यांनी विष्णुपुरीच्या धरणात नेली. काकूंना बसवून अर्धा तास फिरवून आणलं. किनाऱ्याला लागल्यावर काकू म्हणाल्या, "चांगलं हाय. पर आपण दोघंच मजा करायची आन घरचे काय काठावर बसून बघतील?" काकांनी त्याच संध्याकाळी ती होडी विकायला काढली आणि ड्रॉइंग बोर्ड झटकला. माझ्या ओळखीत इतका ऐकणारा नवरा दुसरा नाही.

मोठ्या नौकेच्या आतल्या बैठकीची मापं त्यांनी पुस्तकातून घेतली नाहीत, गच्चीवरून घेतली. गच्चीवर खडूने नौकेचा आकार काढला, पोटात फुगीर, टोकाला निमुळता, आणि आत दोन्ही कडांना घरच्यांना मांडी घालून बसवलं, समोरासमोर, पंगतीला बसतात तसं. मुलगा, सून, दोन नाती, लातूरहून मुद्दाम बोलावलेले लेक-जावई. प्रत्येकापुढे पत्रावळ. मग काका टेप घेऊन मधून वाकून फिरले. "ताटाला अठरा इंच. वाढणाऱ्याला मधून जायाला दोन फूट. जावईबापू, गुडघे आत घ्या, तुम्ही पाण्यात हाव सध्या." त्या दिवशी पत्रावळी मांडल्याच आहेत म्हणून काकूंनी वरणफळं करून वाढली आणि सगळे खडूच्या नौकेत जेवले. मीही होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन पत्रावळी मांडलेल्या आहेत, वाढलेल्या आहेत, पण त्यांच्यामागे कुणी बसलेलं नाही. मी विचारणार होते, पण काकूंनी डोळ्याने गप्प केलं.

पुढचं बांधकाम दोन वर्षं चाललं. लाकडाचं काम एका बैलगाड्या करणाऱ्या जुन्या मिस्त्रीने केलं. त्याचं म्हणणं एकच, की चाकं कुठं बसवायची ते आधी ठरवा. शीड शिवायला काकांनी मंडपवाल्याच्या शिंप्याला गाठलं, कारण एवढं कापड एकसंध शिवायचं मशीन त्याच्याकडेच होतं. माप अचूक घेतलं, कापड उत्तम लागलं, आणि शीड घरी आलं तर खालच्या काठाला लाल-पिवळी झालर! "झालरीशिवाय कापड आमच्या दुकानाबाहेर पडत न्हाई, साहेब," शिंपी अभिमानाने म्हणाला. काकांनी झालर काढायला कात्री घेतली, तर काकू आडव्या आल्या. "राहू द्या. लग्नघरावानी दिसतं." झालर राहिली.

आमची भांडणं पाण्यावरून झाली. लातूरला नळाला पाणी येतं तो दिवस आम्ही सणासारखा पाळतो. धुणं धुतलेल्या पाण्याने फरशी आणि फरशीच्या पाण्याने कढीपत्ता, असं आमचं शिक्षण. आणि हे गृहस्थ अंगणातला सिमेंटचा हौद काठोकाठ भरून त्यात हातभर लांबीची नौका तरंगवायचे! मी वरून ओरडायचे, "काका, ते पाणी आहे!" ते खालून शांतपणे, "हाव बाई, तेच पाह्यचंय." संध्याकाळी मात्र तो सगळा हौद बादलीबादलीने झाडांना घालायचे. मी मोजलं होतं, एक बादली वाया जायची नाही. मग मीच खाली जाऊन बादल्या धरू लागले.

त्या छोट्या नौकेत माणसांच्या जागी लोखंडी नट होते, प्रत्येकाचं वजन प्रमाणात घासून, वर नावाची चिठ्ठी. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, त्यामुळे नौकेला तळाचा खोल, जड कणा चालत नव्हता. तोल माणसांनीच राखायचा होता. वारा शिडावर आला की नौका एका अंगाला कलते, म्हणून सगळ्यांनी वरच्या अंगाला बसायचं. दिशा बदलली की उठून दुसऱ्या अंगाला जायचं. काका टेबल फॅन लावून चिमट्याने नट उचलून इकडून तिकडे ठेवायचे आणि प्रत्येक वेळी पुटपुटायचे, "उठा… बसा. उठा… बसा." नौकेच्या मधोमध डोलकाठीला एक चिमुकला ओळंबा टांगलेला होता, गवंड्याचा असतो तसा, आणि त्याच्यामागे एक रेघ. ओळंबा रेघेवर आला की तोल साधला.

एक नट मात्र ते कधीच उचलत नव्हते. सगळ्यात मोठा, मधोमध, डिंकाने चिकटवलेला. चिठ्ठीवर 'आण्णा, ९२ किलो'.

"काका, हा मध्ये ठेवून तोलाला काही उपयोग नाही. कडेला घेतला तर केवढं काम हलकं होईल," मी गणित मांडून दाखवलं.

"त्यास्नी उठवायचं न्हाई," ते म्हणाले आणि पंखा बंद करून आत गेले.

आण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. धर्माबादजवळच्या गावी शेती, मिरचीची. वडील लवकर गेल्यावर आण्णांनी स्वतः शाळा सोडली आणि धाकट्याला शिकवलं, ड्रॉइंगच्या पेन्सिलीसुद्धा मिरची विकून आलेल्या पट्टीतून. ही माहिती मला काकूंनी तूर निवडताना दिली, आणि पुढची गोष्टही.

काकांच्या लेकीचं लग्न. वऱ्हाड अंदाजापेक्षा जास्त आलेलं. पहिली पंगत बसली, पानं वाढून झाली, आण्णा आपल्या पानावर बसलेले, पानाभोवती पाणी फिरवलेलं, आणि वरपक्षातले कुणी एक मामा उभेच राहिले. काकांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी आण्णांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "आण्णा, उठा. तुम्ही घरचेच, मागून बसा."

"घरचा म्हणूनच उठवलं हो," काकू म्हणाल्या. "यांच्या मनात काय बी न्हवतं. पर मांडल्या पानावरून थोरल्या भावाला उठवायचं म्हणजे… आण्णा उठले, हात धुतला, आन उपाशी धर्माबादच्या गाडीत बसले. सहा वर्सं झाली. सुखदुःखाला निरोप जातो-येतो. मान्सं न्हाई."

"काकांनी माफी नाही मागितली?"

"लई येळा निघाले. नायगावपस्तोर जाऊन माघारी आले दोनदा. त्यास्नी तोंड दाखवायची हिंमत होत न्हाई म्हणत्यात."

मग मला ती नौका नीट दिसली. अकरा माणसं, अकरा पानं, एकच पंगत. दुसऱ्या पंगतीला जागाच ठेवलेली नव्हती, आणि मधोमध एक आसन असं, ज्याच्यावरच्या माणसाला कधीही उठा म्हणावं लागणार नाही. चौतीस वर्षांत शिकलेलं सगळं त्या माणसाने त्या एका आसनासाठी खर्ची घातलं होतं. मला भरून आलं, आणि रागही आला. एवढी नौका बांधण्यापेक्षा धर्माबादपर्यंतचं तिकीट सोपं नव्हतं का?

नौका तयार झाली. रंग झाला, परवानगीची जाडजूड फाइल झाली, अकरा नारिंगी जाकिटं आली. आणि काका थांबले. कारण नकाशा. खात्याच्या नकाशावर खाली तीन चौकटी असतात: रेखाटले, तपासले, मंजूर. पहिलीत काकांची सही. दुसरीत त्यांनी माझी घेतली, तीही तीन रविवार आकडेमोड करायला लावून. तिसरी रिकामी. "नामंजूर नकाशावर आपण कधी कुदळ मारू दिली न्हाई," ते म्हणायचे. मंजूर कोण करणार, असं विचारलं की, "घरात थोरलं कोण असतं?" आणि पुन्हा शेडमध्ये जाऊन नौकेवरची धूळ पुसायचे. असे आठ महिने गेले. एका नातीच्या अंगाला जाकीट लहान व्हायला लागलं.

मार्चमध्ये मला धर्माबादला परीक्षेची ड्यूटी लागली. काकांना वाटलं मी हॉल तिकिटांचं भेंडोळं नेतेय. भेंडोळं नकाशाचं होतं.

आण्णा अंगणात मिरच्या पसरत होते. काकांसारखंच नाक, पण अंगाने दुप्पट. मी ओळख सांगितली. त्यांनी चहा सांगितला आणि तोंड फिरवून बसले. मी नुसता नकाशा मिरच्यांच्या शेजारी उलगडला. ते तिरक्या नजरेने बघत राहिले. मग हळूच वाकले. पुतणीचं नाव वाचलं, नातींची वाचली, स्वतःच्या बायकोचं वाचलं. मग मधलं आसन.

"हे ब्याण्णव कुनी लिहिलं?"

"काकांनी."

"मी शहाऐंशी हाय." आवाज चढला. "सात वर्सं झाली पाहून, अंदाजानं वजन लिहितो व्हय? असं गणित केलं तर लेकरं बुडवंल हा! मंजूर म्हणे! कामून मंजूर करू?"

आण्णांची बायको, म्हणजे काकांच्या वहिनी, दारातून म्हणाल्या, "मग जाऊन सांगा की त्यास्नी." आणि आत जाऊन पिशवी भरू लागल्या. त्या बाईने ती पिशवी सात वर्षं मनात भरून ठेवली असणार.

रविवारी सकाळी दोघं नांदेडला उतरले, बरोबर मिरचीचं पोतं. काका गेटात उभे होते. पाया पडले आणि उठेनातच. आण्णा म्हणाले, "काटा कुठाय?"

काट्यावर आण्णा उभे राहिले. काट्याने चौऱ्याण्णव दाखवलं. मी बघितलं, काकांनी बघितलं, आण्णांनी आभाळाकडे बघितलं. "काटा खराब हाय तुझा," ते म्हणाले.

"हाव आण्णा," काका म्हणाले, "खराबच हाय," आणि वहीत शहाऐंशी लिहिलं. 'पाण्याला खोटं चालत न्हाई' असं मला दोन वर्षं ऐकवणाऱ्या माणसाने! मग दुपारी ते गुपचूप नौकेत उतरले आणि मधल्या आसनाखाली तोलासाठी ठेवलेली लोखंडी पट्टी, नेमकी आठ किलोची, काढून शेडमध्ये ठेवली. मी तपासनीस. मी काही पाहिलं नाही. आण्णांनी चष्मा लावून, एकेक नाव पुन्हा वाचून, तिसऱ्या चौकटीत ठसठशीत सही केली.

पुढच्या आठवड्यात नौका पाण्यात गेली. ट्रेलर येताना रस्त्यावरची माणसं झालर बघून विचारत होती, लग्न कुणाचं. लातूरहून लेक-जावई आले होते. सगळे नारिंगी जाकिटात, आण्णा धोतर, टोपी आणि जाकिटात. काकांनी त्यांना हाताला धरून मधल्या आसनाकडे नेलं.

"हे काय?"

"तुमची जागा, आण्णा."

"आन बाकीचे?"

"बाकीचे कडंला. वारा फिरला की उठून तिकडल्या कडंला जायाचं. तुम्हाला उठायचं काम न्हाई."

आण्णा त्या आसनाकडे बघत राहिले. "मी काय देव हाय मधी बसवायला? पंगतीत बसतो मी." आणि जाऊन कडेला, सगळ्यांच्या रांगेत, मांडी घालून बसले.

शीड भरलं. झालर फडफडली आणि नौका निघाली. इतकं हलकं, इतकं गुपचूप चालणारं वाहन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नाती किंचाळत होत्या, काकू हात जोडून हसत होत्या, आणि सुकाणूवर काका, तोंडाने आकडे पुटपुटत. समोरचा काठ जवळ यायला लागला. बाभळी दिसू लागल्या. आता वळायचं होतं, आणि वळायचं म्हणजे 'उठा' म्हणायचं. घरातल्यांना गच्चीवर पन्नास वेळा सराव झालेला होता. पण पंगतीत थोरलं माणूस उठल्याशिवाय कोण उठतं? सगळे आण्णांकडे बघत होते. आण्णा काकांकडे बघत होते. काकांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

बाभळींचे काटे दिसायला लागले. "अहो, बोला की!" काकू ओरडल्या. मीच ओरडणार होते, पण ते शब्द माझे नव्हते.

"आण्णा," काकांचा आवाज चिरकला. "आण्णा, आधी तुम्ही. तुमच्या मागून आम्ही सगळे."

आण्णांनी एका हाताने धोतर सावरलं, दुसऱ्या हाताने टोपी, आणि वाकून पलीकडे गेले. त्यांच्यामागे वहिनी, जावई, लेक, सगळी पंगत. शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून सर्रकन फिरला, शीड दुसऱ्या अंगाला फुगलं आणि बाभळी मागे राहिल्या. आण्णा नव्या जागी बसले आणि भावाकडे बघून म्हणाले, "एवढंच बोलायचं व्हतं. त्याला येवढी मोठी व्होडी कामून बांधली रं?"

काका रडत होते आणि हसत होते, आणि सुकाणू मात्र रेघभर हललं नाही. आजही त्या नौकेवर वळताना 'उठा' म्हणत नाहीत. नाती सुकाणूवर असल्या तरी हाक एकच, "आण्णा, आधी तुम्ही!" आण्णा त्या दिवशी धर्माबादला असले तरीसुद्धा.

धरणाच्या मधोमध शीड उतरवून, नांगर टाकून पानं मांडली. काकूंनी भाकरी, वांग्याचं भरीत आणि धर्माबादच्या मिरचीचा ठेचा वाढला. दहा जण बसले. काका वाढायला उभे. आण्णांनी हात मागे घेतला.

"तू बस आधी. न्हाईतर मी घास उचलत न्हाई."

काका बसले, आण्णांच्या शेजारी. सगळे जेवणाकडे बघत होते. मी एकटी डोलकाठीवरच्या ओळंब्याकडे बघत होते. तो जरासा इकडे हलला, जरासा तिकडे, आणि रेघेवर येऊन थांबला.

"बाई, बरोबर हाय का?" काकांनी तोंडात घास घेऊनच विचारलं.

"तपासलं, काका," मी म्हणाले. "जेवा आता."